स्पेनच्या उघड्या बायका आणि आमचं इंजिन: नेसरी ते शाहूपुरी

म्हाताऱ्या माणसानं देवाला जावं, नाहीतर लग्नाला जावं. मी कोल्हापूरला गेले ती उघड्या बायकांची चित्रं बघायला, आणि तेही पोटच्या मुलानं धाडलं म्हणून.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी सून वैशाली मोबाईलवर लिहिते. तिला ताकीद दिलीय, मी बोलले तसं लिही, शोभेल तसं नको. तरी मधेमधे ती 'अहो आई' म्हणून थांबतेच.

झालं असं. माझी नात ऋतुजा कोल्हापुरात चित्रकला शिकते. शंभर वर्षांपूर्वी स्पेन देशात मोटारी, विमानं, विजेचे दिवे नवे नवे आले, तेव्हा तिथल्या चित्रकारांची मती फिरली. त्यांना यंत्र दिसलं की बाई आठवायची आणि बाई दिसली की यंत्र. मग दोघांना एकाच कागदावर काढायचे, बाई बहुतेक वेळा बिनकपड्यांची. ऋतुजाचा अभ्यास याच चित्रांचा. तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी त्यांच्या छापील प्रती मागवून शाहूपुरीत प्रदर्शन मांडलं होतं. आणि तिकडं स्पेनमधल्या एका कॉलेजानं ऋतुजाला दोन वर्षं शिकायला बोलावलं होतं. येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तानाजी, म्हणजे माझा मुलगा, ऋतुजाचा बाप, जवळजवळ तयार झाला होता. तेवढ्यात गावातल्या कुणा पुण्यवानानं प्रदर्शनातला एक फोटो त्याच्या मोबाईलवर धाडला. एक बाई दातेरी चाकावर बसलेली, अंगावर चिंधी नाही, आणि तोंडावर अशी खुशी की जणू माहेरी आलीय. तानाजीनं हातातला घास ताटात टाकला.

"हे शिकायला पोरीला परदेशात धाडू? गाव तोंडात शेण घालंल."

"एकदा जाऊन बघा तरी की," वैशाली म्हणाली.

"लेकीच्या शेजारी उभा राहून असलं बघू? बाप हाय मी!"

त्यात त्याची चूक नव्हती. आमच्या घरात पुरुषमाणूस लेकीसमोर बायकोशी दोन शब्द धड बोलत नाही, तिथं ही चित्रं कशी बघणार? वैशालीला धाडावं तर ती लेकीच्या बाजूची. राहिले मी. म्हातारी झाली की लाज आपोआप गळून पडते असा घरातल्यांचा समज असतो.

"आई, तू जा," तानाजी म्हणाला. "तू बघून सांग. तू म्हणशील तसं."

शुक्रवारी सकाळी निघाले. सोबतीला शेजारची बसव्वा. तिचं माहेर संकेश्वरकडचं, त्यामुळं ती अर्धं बोलणं कानडीत करते आणि भांडण पूर्ण मराठीत. तिला अंबाबाईची ओटी भरायची होती, म्हणून तिच्या पिशवीत खण, नारळ, हळदकुंकू असा सगळा सरंजाम. तिचा नवरा हयात आहे, तिला ओटी भरता येते. मी नुसती पिशवी धरणारी.

आमच्या नेसरीहून गडहिंग्लज, तिथनं गाडी बदलून निपाणीमार्गे कोल्हापूर. तीन तास धरा, गाडी चुकली तर चार. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं बायका खिडकीला आणि पुरुष दांडीला, असं चित्र असतं. डाव्या बाजूला बसा, सकाळचं ऊन लागत नाही. मधे कर्नाटक लागतं, पाट्यांची अक्षरं गोल होतात म्हणे. मला दोन्हीकडची सारखीच.

कंडक्टर चांगला बोलका होता. "काय आजी, अंबाबाईला व्हय?"

"ही अंबाबाईला. मी नागड्या बायका बघायला."

त्याचं बोट तिकिटाच्या मशीनवर तसंच राहिलं. बसव्वानं मला असा चिमटा काढला की निपाणीपर्यंत मांडी हुळहुळत होती. मागच्या सीटवरची बाई पुढं वाकून म्हणाली, "कुठं हाय वो ते?" विचारणाऱ्या निघतातच.

स्टँडवर उतरलं की शाहूपुरी पायाखालीच आहे, रिक्षा करू नका. आधी मिसळ खाल्ली. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मिळत नाही, ब्रेडचे जाड काप मिळतात. रस्सा मागाल तेवढा देतात, पण जपून मागा. ऋतुजा तिथंच भेटली. तोंड उतरलेलं.

"बाबांनी तुला तपासायला धाडलंय ना?"

"व्हय. फौजदार म्हणून आलीया मी. चहा सांग."

प्रदर्शन एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामात होतं. फुकट आहे, महिनाअखेरपर्यंत आहे, आणि जिना नाही, तेव्हा गुडघेवाल्यांनी खुशाल जावं. बाहेर ट्रकमधनं पोती उतरत होती, हमालांची आरडाओरड चालली होती आणि आत भिंतीवर स्पेन.

पहिलं चित्र मोटारीचं. बाईचे केस मानेपर्यंत कापलेले, खांदे उघडे, हातात स्टिअरिंग. मोटारीचे दोन मोठे गोल दिवे नेमके तिच्या छातीसमोर.

"अय्यो शिवने," बसव्वा म्हणाली. "दिवं कुठं लावल्यात बघ!"

पुढच्या चित्रात एक बाई न्हाणीच्या टबात बसून हातात विजेचा दिवा धरून हसत होती. ऋतुजा म्हणाली, ही जाहिरात आहे, दिवा विकायची. ओल्या हातानं दिवा धरला तर काय होतं ते आमच्या गावात लाइनमनला विचारा, हसू येत नाही. त्याच्यापुढं एका बाईच्या अंगाला विमानाचे पंख जोडलेले. मग एक टाइप करायचं यंत्र, त्याला ओठ. मला घाम फुटला. डोळे मिटावेत तर तपासणी कशी करणार? मी पदराचं टोक तोंडात धरलं आणि एकेक बघत गेले.

शाहूपुरीतले दोन व्यापारी दुकान सोडून आले होते, एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होते. त्यातला जाडा मला म्हणाला, "काय आजी, वाट चुकलीसा काय?"

"न्हाय वो पावणं. तुमच्या आईनं धाडलंय. माझं पोरगं धंदा सोडून काय बघत बसतंय ते बघून ये म्हणाली."

दुसरा असा हसला की त्याला खोकला लागला.

मग ते आलं, तानाजीच्या मोबाईलमधलं. भिंतीवर ते माझ्याएवढं उंच होतं. दातेरी चाक, त्यावर ती बाई. आमची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं मी पट्ट्याच्या आणि चाकाच्या आजूबाजूला वावरले. चाकाजवळ जाताना पदर आधी खोचायचा, मग पाऊल टाकायचं, हे मला सासूनं पहिल्या दिवशी शिकवलं. शेजारच्या गावात एकीचा पदर पट्ट्यात गेला होता, पुढचं मी सांगत नाही. आणि ही बया दात्यांवर मांडी घालून बसलेली.

"हे पुरुषानं काढलंय," मी म्हणाले.

ऋतुजा दचकली. "कसं ओळखलंस?"

"हिला चाकाचं भ्या न्हाय. आणि चाकाला हिचं वजन न्हाय."

ऋतुजानं खिशातनं वही काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ. पण खरा धक्का त्याच्या पुढच्या चित्रानं दिला. त्यात बाईच नव्हती. नुसतं यंत्र. एक नरसाळं, दोन दांडे, एक स्प्रिंग आणि तानाजीच्या फटफटीत असतो तसा प्लग.

"ह्याच्याखाली काय लिहिलंय माहिताय, आजी? 'तरुण मुलगी.'"

"कुठंय मुलगी?"

"हीच. यंत्र म्हणजेच मुलगी."

उघड्या बायका बघून जेवढी लाजले नव्हते तेवढी मी तिथं लाजले. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाईट दिसलं नसतं. लोखंडच होतं. पण ज्यानं ते काढलं त्यानं त्या प्लगकडं ज्या नजरेनं बघितलं होतं, ती नजर मी ओळखत होते. मी म्हणाले, चला आता, पाणी पाहिजे.

"आत माझं एक काम आहे," ऋतुजा म्हणाली. "तेवढं बघ. नाहीतर राहू दे... नको. बघच."

आतली खोली अंधारी, मधोमध एकच दिवा सोडलेला आणि त्याच्याखाली आमच्या गिरणीचं इंजिन. आमचंच. दिवाळीनंतर ऋतुजानं ते शेडातनं टेम्पोत घालून नेलं होतं, कॉलेजात मांडायचंय म्हणून. तानाजीनं स्वतः दोरखंड बांधून दिले होते. गिरणीला विजेची मोटर आली तेव्हापासून ते शेडात गंजत पडलेलं. आता काळंभोर, चकचकीत, मोठं चाक न्हाऊनमाखून बसल्यासारखं.

मी काही बोलायच्या आत बसव्वानं चपला काढल्या होत्या. आमच्याकडं खंडेनवमीला यंत्राची पूजा असते, आणि इतकं झळझळीत इंजिन दिव्याखाली मांडलंय म्हणजे पूजा मांडलीय, यात तिला शंकाच वाटली नाही. पिशवीतनं हळदकुंकू काढलं, चाकाला पाच बोटं ओढली, अंबाबाईचा खण त्याच्या अंगावर घातला, नारळ पुढं ठेवला आणि हात जोडले. आमच्यामागनं ते दोघं व्यापारी आले होते. त्यांनीही बूट काढले. जाड्यानं टोपी सरळ केली.

ऋतुजाच्या मॅडम धावत आल्या. "अहो, अहो! ही कलाकृती आहे, हात लावायचा नाही!"

"इंजिनाला कुंकू न्हाय लावायचं तर काय लिपस्टिक लावायची?" बसव्वा म्हणाली.

मॅडमनी ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजा माझ्याकडं बघत होती. आणि मी त्या खणाकडं.

आमचे मालक दर खंडेनवमीला दोन खण आणायचे. आधी इंजिनाला, मग मला. इंजिनाचा रंग निवडून आणलेला, माझा दुकानदार देईल तो. माझं लुगडं जुनं होऊन मऊ झालं की फाडून त्याच्या चिंध्या करायचे, तिला पुसायला. हो, तिला. 'आज रुसलीया,' 'आज गाती बघ कशी,' असं बोलायचे. माझ्याशी दिवसाकाठी दहा शब्द, त्यातले चार जेवणाचे. दळणाच्या डब्यांच्या रांगेमागं उभी राहून मी बघायचे, त्यांचा हात तिच्या अंगावरनं कसा फिरतो ते. तो हात मला माहीत होता, म्हणून तर जीव जळायचा.

हे सगळं आठवत मी पुढं गेले आणि इंजिनाच्या कुशीला गोंदण दिसलं. हिरव्या रंगानं, टिपक्या टिपक्यांनी काढलेलं. तुळस. तिच्याखाली विंचू. विंचवाची नांगी वाकडी.

विंचू पुष्कळ बायकांच्या हातावर असतो. वाकडी नांगी फक्त माझ्या. गोंदणारणीनं सुई टोचली तेव्हा मी हात ओढला होता.

मी झटकन पदर ओढून हात झाकला. बाहेर एवढ्या बायका उघड्या होत्या, पण त्या गोदामात नागडी कोण असेल तर मी, असं मला वाटलं. मॅडम, ते व्यापारी, बसव्वा, सगळ्यांना सगळं कळलंय असं वाटलं. खरं म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं. मॅडम त्या दोघांना बाहेर घेऊन गेल्या, बसव्वा चपला शोधायला लागली. मी ऋतुजाच्या दंडाला धरलं.

"हे काय केलंस गं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा गेले त्याच महिन्यात तू शेडात गेलीस. मी दाराआड होते, आठेक वर्षांची. तू इंजिनाला लाथ मारलीस. 'सवते' म्हणालीस. मग तिथंच बसलीस आणि पदरानं त्याला पुसत राहिलीस."

मला वाटत होतं ते फक्त देवाला माहीत आहे.

"सवतीला माझं अंग दिलंस व्हय?" मी विचारलं.

"त्या स्पेनवाल्यांनी यंत्राला बाई केलं, पण कुठल्या बाईला विचारलं नाही. मला वाटलं, आपल्या घरातल्या बाईला..." ती थांबली. "पण विचारलं तर मीपण नाही."

मग तिनं खिडकीतनं टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं आणलं. डोळ्यांत पाणी. "तू म्हणशील तर आत्ता पुसते. बाबांना कळलं तर ते काय मला पाठवणार नाहीत. तू सांगशील का त्यांना?"

मी इंजिनावर हात ठेवला. गार होतं. माझ्या संसारात मी तिला हात लावला तो चालू असताना, डबा सरकवताना, आणि दर वेळी भाजले. शेडात पुसलं तेही पदरानं, म्हणून बंद असताना ती इतकी गार आणि गुळगुळीत असते हे मला कधी कळलंच नव्हतं. कितीतरी वेळ मी हात उचलला नाही. शेवटी बसव्वाच ओरडली, देवळात गर्दी होईल म्हणून.

"फडकं ठेवून दे, पुसू नको," मी ऋतुजाला म्हणाले. "पण माझ्यापेक्षा हिचा दंड जाड हाय, एवढं लक्षात ठेव. लोकांचा गैरसमज होईल."

अंबाबाईला रिक्षानं गेलो. दुसरा खण तिथंच घेतला. पहिला परत मागायचं धाडस बसव्वाला झालं नाही, एकदा घातलेली ओटी काढत नाहीत. भडंगाचे दोन पुडे घेतले आणि दुपारची गाडी धरली.

कागलपर्यंत बसव्वानं भडंगाचा एक पुडा संपवला. मग म्हणाली, "सुबक्का, खरंच तुला ते इंजिन सवत वाटायचं?"

"तू ऐकलंस व्हय!"

"मी चपला शोधत हुते, कान न्हाय." तिनं पुड्याचा कागद चुरगाळला. "आमचा म्हातारा म्हशीशी बोलतो. 'राणी' म्हणतो तिला. मला आजवर न्हाय म्हणाला."

आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना. कंडक्टर बघायला आला, म्हाताऱ्यांना काय झालं म्हणून.

घरी त्या संध्याकाळी मी थकले म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजी डेअरीला दूध घालून आला आणि माझ्यासमोर बसला. वैशाली चुलीपाशी भाकरी थापत होती, कान इकडं.

"बोल आई."

"चित्रं वाईट हायत."

त्यानं बायकोकडं बघितलं, मी म्हटलं नव्हतं का, अशा नजरेनं.

"बायका उघड्या हायत. मोटारीवर, चाकावर, न्हाणीत. दोनतीन तर मला बघवल्या न्हाईत."

"मग झालं. न्हाय म्हणून कळवू दे तिला."

"माझं बोलून झालं न्हाय. आपलं इंजिन हाय तिथं. तुझ्या लेकीनं त्याच्यावर माझं गोंदण काढलंय. ह्या हाताचं."

तानाजीनं माझ्या हाताकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "का?"

इथं मला सोपं उत्तर देता आलं असतं. नक्षी आवडली पोरीला, म्हणून भागलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, नक्षी काढायला स्पेनला कशाला जायला पाहिजे? आणि त्याचं बरोबर झालं असतं. सोमवार परवावर आला होता. नवऱ्याला जे कधी बोलले नाही ते मुलाला सांगायचं होतं.

"तुझा बाप त्या इंजिनाला ज्या मायेनं हात लावायचा, तसा त्यानं मला लावावा असं मला वाटायचं. रोज वाटायचं. तो गेल्यावरसुद्धा वाटायचं. मी कुणापुढं बोलले न्हाय. तुझ्या लेकीनं लहानपणी एकदा बघितलं आणि ध्यानात ठेवलं. बाहेरच्या भिंतीवरची ती नागडी चित्रं पुरुषांनी काढलेली, ती खोटी वाटली मला. आतलं खरं हुतं. पोरीला दिसतंय, तानाजी. तिला जाऊ दे."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

तानाजीचे कान लालभडक झाले. "आई, तू... हे काय बोलतीस!"

"तूच म्हणालास, बघून सांग."

तो उठला, गोठ्यात गेला. गोठ्यात त्या वेळी काही काम नसतं. मग त्याचा फोनवरचा आवाज आला, तो फोनवर बोलतो तेव्हा अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. "ऋतू, सोमवारची वाट बघू नको. आजच कळव, येतीया म्हणून... व्हय, आजी म्हणाली... न्हाय. न्हाय बाळा, मी न्हाय येत बघायला."

तुम्ही मात्र जाऊन या. एकटं जाऊ नका, कुणीतरी हसायला सोबत घ्या. पोरासोरांना न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. चित्रं वाईट आहेत हे माझं मत अजून कायम आहे.

ऋतुजाची तयारी चालू आहे, वैशाली चटण्या कुटतेय. तानाजी सगळं करतो, कागद आणतो, फोन लावतो, पण माझ्याशी बोलताना अजून खांबाकडं बघतो. त्याला वेळ लागणार. आपल्या आईला अंग होतं ही बातमी माणसाला पन्नाशीत अचानक मिळाली तर धक्का बसणारच. मला तीच बातमी बहात्तराव्या वर्षी मिळाली, आणि मी कुठल्या खांबाकडं बघू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.